संरक्षण खरेदी, निधी की मनुष्यबळ: नोकरी सांभाळून मास्टर्स कशात करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते अमेरिकेच्या नौदलाच्या एका कार्यालयात सहा वर्षं सिव्हिलियन काँट्रॅक्ट स्पेशालिस्ट, म्हणजे खरेदीची कंत्राटं हाताळणारे बिनलष्करी कर्मचारी आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व आहे, पदवी वाणिज्य शाखेची आहे आणि फी भरायला कार्यालय तयार आहे. खरेदी व्यवस्थापन, आर्थिक व्यवस्थापन आणि मनुष्यबळ यांपैकी कशात मास्टर्स करावं, की सरळ एखाद्या नावाजलेल्या विद्यापीठाचं एमबीए करावं, असं त्यांनी विचारलं आहे. शिवाय "गणित किती लागतं?" असाही प्रश्न आहे, आणि तो जरा घाबरतच विचारलेला दिसतो.

"कोणती पदवी चांगली" या प्रश्नावर अशा चर्चेत वीस मतं मिळतील. त्याऐवजी स्वतःला विचारा: पुढच्या दहा वर्षांत कोणत्या प्रकारच्या निर्णयाखाली तुमची सही असणार आहे, आणि तो चुकला तर कशामुळे चुकेल? कंत्राटाचा मसुदा चुकल्यामुळे, किंमतीचा अंदाज चुकल्यामुळे, चुकीच्या खात्यातून पैसे दिल्यामुळे, की यंत्र आलं पण चालवायला माणसं नव्हती म्हणून? शाखा या उत्तरावरून निवडावी.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. पाच वर्षांत खाजगी कंपनीत जायचा विचार असेल तर माझं पुढचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. आणि सरकारी खर्चाने शिकायचं तर बांधिलकीचा कागद येतोच. सरकारबाहेरच्या संस्थेत पूर्ण वेळ शिक्षणाला पाठवलं, तर शिक्षणाच्या काळाच्या किमान तिप्पट काळ सेवेत राहण्याचा करार कायद्यानेच करून घेतला जातो. अर्धवेळ किंवा ऑनलाइन शिक्षणाचा, तसंच लष्कराच्याच संस्थेतल्या शिक्षणाचा हिशोब वेगळा होतो. अर्ज करण्याआधी तो आपल्या प्रशिक्षण अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आता मुद्द्याकडे. नियम शिकण्यासाठी मास्टर्स करू नका. नियम शिकवायला संरक्षण खात्याची डिफेन्स अॅक्विझिशन युनिव्हर्सिटी आहे (२०२५ मध्ये तिचं नाव वॉरफायटिंग अॅक्विझिशन युनिव्हर्सिटी करण्याची घोषणा झाली). १९९० च्या कायद्याने खरेदी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभवाच्या अटी ठरवल्या, आणि त्यातूनच ही संस्था उभी राहिली. नावात युनिव्हर्सिटी असली तरी ती पदवी देत नाही, प्रमाणपत्रं देते. २०२२ मध्ये ही प्रमाणपत्रांची रचना सुटसुटीत झाली आणि कंत्राट शाखेत जुन्या तीन पातळ्यांऐवजी एकच राहिली. शिवाय दर दोन वर्षांत ८० तासांचं शिक्षण तुम्हाला करावंच लागतं. आणि नियम बदलतात. १९८४ पासून लागू असलेली फेडरल खरेदी नियमावली २०२५ मध्ये मुळापासून नव्याने लिहायला घेतली गेली. ज्यांनी दोन वर्षं घालवून फक्त कलमांचे क्रमांक पाठ केले, त्यांची मेहनत तिथेच शिळी झाली. अभ्यासक्रमाच्या विषयसूचीत निम्म्याहून जास्त विषय "अमुक नियमावलीची ओळख" असे असतील, तर तो कितीही सोयीचा असला तरी सोडून द्या.

संस्थांबद्दल पटकन सांगतो. कॅलिफोर्नियात माँटेरे इथली नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल हे या तिन्ही विषयांचं मुख्य घर. तिथे ८१५ क्रमांकाचा अभ्यासक्रम खरेदी आणि कंत्राटाचा, ८१६ प्रणाली खरेदीचा, ८३७ आर्थिक व्यवस्थापनाचा आणि ८४७ मनुष्यबळ विश्लेषणाचा. हे प्रामुख्याने तिथे राहून शिकणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहेत. सिव्हिलियन लोकांसाठी दूरशिक्षणाने कंत्राट व्यवस्थापन, प्रकल्प व्यवस्थापन आणि खर्चाचा अंदाज व विश्लेषण अशा पदव्या आहेत. ओहायोत राइट-पॅटरसन तळावर हवाई दलाची तंत्रज्ञान संस्था आहे, तिचा खर्च विश्लेषणाचा मास्टर्स कसून घेणारा आहे. वॉशिंग्टनमधलं आयझेनहॉवर स्कूल दहा महिन्यांचं आहे आणि वरिष्ठांसाठी आहे. तुमच्या पायरीला त्याचा विचार आत्ता नको.

आता तिन्ही शाखांत नेमकं काय शिकायला मिळतं ते पाहू, कारण माहितीपत्रकं वाचून ते कळत नाही.

खरेदीच्या शाखेत खरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे कंत्राटाचा प्रकार आणि जोखीम यांचा संबंध. फिक्स्ड प्राइस इन्सेंटिव्ह कंत्राट घ्या, म्हणजे किंमतीला छत असलेलं आणि त्याखाली खर्चातली वाढ-घट दोघांनी वाटून घ्यायचं कंत्राट. लक्ष्य खर्च १०० दशलक्ष डॉलर, लक्ष्य नफा १०, कमाल किंमत १२२, आणि जादा खर्चाची वाटणी ८०-२०, म्हणजे प्रत्येक जादा डॉलरमागे सरकार ८० सेंट सोसणार. खर्च ११० झाला तर कंपनीचा नफा १० वरून ८ वर येतो आणि सरकार ११८ देतं. खर्च ११५ झाला की नफा ७ आणि किंमत बरोबर १२२. इथे छत लागलं. यापुढचा प्रत्येक डॉलर पूर्णपणे कंपनीच्या खिशातून जातो. हा ११५ चा आकडा सूत्राने निघतो: कमाल किंमतीतून लक्ष्य किंमत वजा करा, म्हणजे १२२ वजा ११०, आलेल्या १२ ला सरकारच्या ०.८ वाट्याने भागा, आणि आलेले १५ लक्ष्य खर्चात मिळवा.

एवढं गणित कोणीही करतं. चूक होते ती वाटाघाटीत. सगळा जोर वाटणीच्या प्रमाणावर जातो, ७०-३० की ८०-२० यावर तास न् तास घासाघीस होते, आणि लक्ष्य खर्च मात्र कंपनीने दिलेला जवळपास तसाच स्वीकारला जातो. लक्ष्य खर्चातच १२ दशलक्षांची हवा भरलेली असेल तर कंपनी "काटकसर" करून वर बक्षीसही घेऊन जाते. वाटणीचं प्रमाण त्या हवेचं काहीही बिघडवू शकत नाही. म्हणजे कंत्राट नीट करायचं तर खर्चाचा अंदाज स्वतःला बांधता आला पाहिजे, आणि तो कंत्राटाच्या शाखेत पुरेसा शिकवला जात नाही. खर्च विश्लेषणाच्या शाखेत तो शिकवतात. उदाहरणार्थ, ८५ टक्क्यांचा लर्निंग कर्व्ह (सरावाने काम किती झपाट्याने सोपं होतं हे दाखवणारा वक्र) धरला तर पहिल्या नगाला १,००० तास, दुसऱ्याला ८५०, चौथ्याला सुमारे ७२३, आठव्याला ६१४. संख्या दुप्पट झाली की नगामागचे तास १५ टक्क्यांनी घटतात. आता मधे उत्पादन वर्षभर थांबलं, कामगार पांगले, तर वक्र कुठून पुन्हा सुरू धरायचा? कंपनी म्हणेल पहिल्या नगापासून. तुम्हाला उलट आकडा मांडता आला नाही, तर तिचाच आकडा धरला जाईल.

अंदाज कुठे हुकतो तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकी हवाई दलाच्या सेंटिनेल या आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या प्रकल्पाने २०२४ च्या जानेवारीत नन-मकर्डी कायद्याची, म्हणजे शस्त्र प्रकल्पांच्या खर्चवाढीवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याची, गंभीर मर्यादा ओलांडली. म्हणजे चालू आधाररेषेच्या (मंजूर झालेल्या खर्चाच्या अंदाजाच्या) २५ टक्के किंवा मूळ आधाररेषेच्या ५० टक्के वाढीची सीमा. जुलैमध्ये प्रकल्प चालू ठेवायचं ठरलं तेव्हा सुधारित अंदाज सुमारे १४१ अब्ज डॉलर होता, आधीपेक्षा ८१ टक्के जास्त. यातली बहुतांश वाढ क्षेपणास्त्रात झालेली नव्हती. ती होती जमिनीवरच्या नियंत्रण आणि प्रक्षेपण सुविधांत, म्हणजे बांधकामाच्या बाजूला. मुख्य यंत्रावर सगळ्यांचं लक्ष, आणि पैसा मुरतोय भोवतालच्या कामात: वर्गात चर्चेला घ्यायला याहून चांगलं उदाहरण आत्ता तरी नाही.

आर्थिक शाखेबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहे. लोकांना वाटतं इथे हिशोबनीस तयार होतात. इथे शिकायचं असतं ते असं की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिलेल्या पैशाला उद्देश, मुदत आणि रक्कम अशा तीन सीमा असतात, आणि तिन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. रोजच्या भाषेत याला पैशाचा रंग म्हणतात. कामकाज आणि देखभालीचा निधी एक वर्ष चालतो. सैनिकांच्या वेतनाचाही एक वर्ष. संशोधन आणि विकासाचा दोन वर्षं, सर्वसाधारण खरेदीचा तीन, जहाजबांधणी आणि लष्करी बांधकामाचा पाच. मुदत संपल्यावर पुढची पाच वर्षं त्या खात्यातून फक्त जुन्या कंत्राटांची देणी आणि दुरुस्त्या करता येतात. नवीन काम नाही. त्यानंतर खातं बंद.

प्रत्यक्षात लोक फसतात ते अशा ठिकाणी. एका कार्यालयाला संगणक यंत्रणा हवी आहे. ४५ वर्कस्टेशन, प्रत्येकी ६,००० डॉलर, म्हणजे २,७०,०००. सर्व्हर आणि साठवण यंत्र ९५,०००. दोन्हींच्या मागण्या वेगवेगळ्या निघाल्या, दोन्ही ३,५०,००० डॉलरच्या मर्यादेच्या आत, म्हणून दोन्ही देखभाल निधीतून भागवल्या. पण ही एकमेकांशिवाय न चालणारी एकच यंत्रणा आहे, तिची किंमत ३,६५,००० होते, म्हणजे ती गुंतवणूक ठरते आणि तिला खरेदीचा निधी लागतो. लेखापरीक्षणात हे सापडलं तर खातं बदलून दुरुस्ती करता येते, पण योग्य खात्यात त्या वर्षीचे पैसे तेव्हाही शिल्लक असायला हवेत आणि आजही. नसतील तर अँटिडेफिशियन्सी कायद्याचा, म्हणजे मंजूर निधीबाहेर खर्च करायला मनाई करणाऱ्या कायद्याचा, भंग होतो. त्याचा अहवाल राष्ट्राध्यक्षांपर्यंत आणि काँग्रेसपर्यंत जातो, आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाला दोन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. कागद वेगळे केले म्हणून यंत्रणा वेगळी होत नाही, एवढं ठामपणे सांगणारं कोणी त्या खोलीत नसतं. हे सांगता येणं हीच या शाखेची कमाई.

तुम्ही कंत्राटात आहात, त्यामुळे सप्टेंबर अखेरची, म्हणजे सरकारी आर्थिक वर्ष संपतानाची, धावपळ पाहिलीच असेल. तिथेही कारण समजून घेण्यासारखं आहे. या वर्षीच्या पैशातून पुढच्या वर्षीची गरज भागवता येत नाही. मात्र साफसफाई किंवा मदतकक्षासारखी तुकड्यांत मोडता येणारी सेवा असेल, तर वर्षाची सीमा ओलांडणारं १२ महिन्यांपर्यंतचं कंत्राट चालू वर्षाच्या निधीतून करता येतं. अखंड एकच फलित देणारी सेवा, जसा एखादा अभ्यास-अहवाल, मात्र सुरुवातीलाच पूर्ण निधीने करावी लागते. आणि अर्थसंकल्प वेळेवर मंजूर न होता तात्पुरत्या ठरावावर गाडा चालला, तर नवीन प्रकल्प सुरू करता येत नाहीत, उत्पादनाचा वेगही वाढवता येत नाही. ज्याला हे पक्कं ठाऊक आहे तो वेळापत्रक आखताना ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये नवीन कंत्राट ठेवतच नाही.

मनुष्यबळाची शाखा सर्वांना सोपी वाटते. "एचआर आहे ना?" नाही. तिन्हींमध्ये गणिताच्या बाजूने हीच सर्वात अवघड आहे. लष्करात मधल्या पायरीवर बाहेरून भरती जवळपास होत नाही. पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रणेचा दहा वर्षांचा अनुभव असलेला तंत्रज्ञ पाहिजे, तर तो दहा वर्षांपूर्वी भरती केलेला असावा लागतो. १ जुलै १९७३ पासून सक्तीची भरती नाही, त्यामुळे किती लोक येतील आणि किती टिकतील हा सगळा वेतनाचा, बोनसचा आणि बाहेरच्या नोकऱ्यांचा प्रश्न झाला. तो सोडवायला अर्थमिती, म्हणजे आर्थिक प्रश्नांना लावलेलं संख्याशास्त्र, लागते.

एक नेहमीची चूक बघा. विद्यार्थी माहिती गोळा करतो, बोनस आणि पुनर्नियुक्ती (करार संपल्यावर पुन्हा सेवेत राहणं) यांचं रिग्रेशन चालवतो, म्हणजे दोन्हींचा संबंध आकड्यांतून मोजतो, आणि उत्तर येतं की बोनस जितका जास्त तितके लोक कमी टिकतात. आकडे खरे असतात, निष्कर्ष उलटा. जिथे लोक आधीच सोडून जात आहेत तिथेच नौदल मोठा बोनस जाहीर करतं, म्हणून ही जोडी दिसते. बोनस बदलण्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ, त्याच शाखेत, तशाच पण बोनस न बदललेल्या शाखेशी ताडून पाहिल्याशिवाय काही सिद्ध होत नाही.

दुसरी चूक खर्चाची. समजा १,००० जणांचा करार संपतोय. बोनस नसता तरी ४०० राहिले असते. ३०,००० डॉलर बोनस दिल्यावर ४६० राहतात. अधिकारी सांगतील, एका माणसामागे ३०,००० खर्च. पण पैसे ४६० जणांना द्यावे लागले, एकूण १ कोटी ३८ लाख डॉलर, आणि जादा मिळाले फक्त ६०. म्हणजे प्रत्येक जादा माणूस २,३०,००० डॉलरला पडला. त्याऐवजी नवीन माणूस भरती करून शिकवणं स्वस्त पडलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर देणारा विश्लेषक कार्यालयात असणं दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे. १ जानेवारी २०१८ पासूनच्या नव्या निवृत्ती योजनेने हे आणखी गुंतागुंतीचं केलं. वीस वर्षांच्या सेवेनंतरचं निवृत्तीवेतन मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं, त्याबदल्यात बचत खात्यात ५ टक्क्यांपर्यंत सरकारी भर मिळू लागली, आणि ती मधे सोडून जाणाऱ्यालाही बरोबर नेता येते. त्यामुळे दहाव्या-बाराव्या वर्षी माणूस पूर्वीइतका बांधलेला राहत नाही.

तिन्ही शाखा वेगळ्या इमारतींत शिकवल्या तरी निर्णय एकच असतो. लिटोरल कॉम्बॅट शिप या किनाऱ्याजवळच्या लढाईसाठी बांधलेल्या नौदलाच्या जहाजाचं उदाहरण घ्या. मूळ आराखड्यात जहाज चालवायला गाभ्याचे ४० लोक धरले होते. माणसं कमी म्हणजे आयुष्यभराचा खर्च कमी, हे खरेदीच्या वेळी आकर्षक दिसलं. पुढे ती संख्या ५० वर न्यावी लागली. माणसं कमी म्हणून देखभालीचं काम किनाऱ्यावरच्या कंत्राटदारांकडे गेलं होतं, म्हणजे वेतन खात्यातली बचत देखभाल खात्यात खर्च म्हणून उगवली. खरेदीवाल्याने फक्त खरेदीचा तक्ता पाहिला की असं होतं.

गणिताचं म्हणाल तर कंत्राट शाखेला बीजगणित आणि मूलभूत संख्याशास्त्र पुरतं. आर्थिक शाखेला त्यात वर्तमान मूल्याचा हिशोब आणि महागाईचे निर्देशांक मिळवा. स्थिर डॉलर (महागाई वगळलेले) आणि त्या त्या वर्षाचे डॉलर यांची गल्लत हा तिथला सर्वात सामान्य दोष आहे. खर्च विश्लेषण आणि मनुष्यबळाला रिग्रेशन चांगलं यावं लागतं, थोडं कलनशास्त्रही. वाणिज्य पदवीवरून येणाऱ्याला तीन-चार महिन्यांची तयारी पुरते, पण ती प्रवेशाआधी करा. नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलचं सत्र अकरा-बारा आठवड्यांचं असतं. नोकरी सांभाळून पहिल्या तीन आठवड्यांत मागे पडलात तर ती तूट भरून निघत नाही.

नावाजलेल्या विद्यापीठाचं एमबीए? व्यवस्थापकीय लेखाशास्त्र आणि वाटाघाटी हे दोन विषय तिथे बहुधा जास्त चांगले शिकवले जातात, आणि कंपनीचा नफा कुठून येतो हे समजलेला सरकारी खरेदीदार समोरच्याला जड जातो. पण भागधारकांचं मूल्य वाढवण्यावर बेतलेली वित्ताची मांडणी तुमच्या टेबलावर निम्मीच लागू पडते, आणि पैशाचा रंग तिथे कोणी शिकवत नाही. खाजगी क्षेत्रात जायचं असेल तर एमबीए घ्या, नसेल तर नको.

तुमच्या बाबतीत माझं मत: कंत्राट व्यवस्थापनात मास्टर्स करू नका. सहा वर्षांत त्यातलं बरंच हाताखालून गेलं आहे, आणि उरलेलं प्रमाणपत्रांतून येईल. खर्च विश्लेषण पहिली पसंती, आर्थिक व्यवस्थापन दुसरी. कंत्राट येणारा आणि स्वतः अंदाज बांधू शकणारा माणूस वाटाघाटीच्या टेबलावर फार क्वचित सापडतो. मनुष्यबळाची शाखा तेव्हाच घ्या, जेव्हा पुढची बदली कर्मचारी धोरणाच्या कार्यालयात होण्याची खरी शक्यता असेल. नाहीतर तिथली अर्थमिती दोन वर्षांत गंजते. एक अपवाद आहे: तुमच्या कमांडमध्ये काँट्रॅक्टिंग ऑफिसर (कंत्राटावर सरकारतर्फे सही करणारा अधिकारी) पदासाठी त्याच विषयातल्या मास्टर्सला उघड प्राधान्य असेल, तर आधी भरतीची जाहिरात वाचा आणि मग ठरवा.

प्रबंधाचा विषय पहिल्याच सत्रात धरून ठेवा. कंत्राटांची माहिती वापरायची तर किंमतीचे तपशील कंपनीची खाजगी माहिती असतात, त्यासाठी तुमच्या कार्यालयाची लेखी परवानगी लागते. सैनिकांच्या वैयक्तिक नोंदी वापरायच्या तर नैतिकता समितीची मंजुरी आणि माहिती वापराचा करार, दोन्ही लागतात, आणि यात महिने जातात. विषय तुमच्याच कार्यालयात आधीच साठलेल्या माहितीवर बेतला तर मार्गदर्शक आणि वरिष्ठ दोघांनाही रस राहतो. उदाहरणार्थ, गेल्या पाच वर्षांतल्या इन्सेंटिव्ह कंत्राटांत लक्ष्य खर्च आणि अंतिम खर्च यांतला फरक कशाशी जोडलेला आहे? असा विषय घेतलात तर कार्यालयातल्या बंद झालेल्या कंत्राटांची यादी आत्ताच काढून ठेवा. त्यात अंतिम लेखापरीक्षण झालेली किती आहेत ते मोजा. ती तीसपेक्षा कमी भरली तर रिग्रेशनचा नाद सोडा आणि दोन-तीन कंत्राटांचा सखोल अभ्यास करा.